मी एकदाच विचारलं

२०२३ साल. मला बहात्तर पुरी झालेली. चौथीतून शाळा सुटली ती सुटलीच; त्यानंतर थेट त्या वर्षी बोईसरला इंग्रजीच्या क्लासात जाऊन बसलो. मुलगा लंडनला, त्याची बायको तिकडचीच. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर ती पहिल्यांदा आमच्या चिकूच्या वाडीवर येणार होती, तीन वर्षांच्या नातीला घेऊन. मुलगा फोनवर म्हणाला, "मी हाय ना मधी बोलायला." मी म्हटलं, "माझ्या सुनेशी बोलायला मला दलाल नको."

क्लासात सगळे कारखान्यातले. एकाने विचारलं, "बाबा, आपका किस कंपनी में इंटरव्यू है?"

"घर में," मी म्हटलं. "बहू लेनेवाली है."

शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलापेक्षा लहान. भाषेबरोबर तिकडची रीतही सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "काका, चहा घेणार का, हे एकदाच विचारायचं. समोरचा नो थँक यू म्हणाला की विषय संपला."

"लाजून नाय म्हणाला असंल तर?"

"तिकडं लाजून नाही म्हणत नाहीत."

"मग पावना उपाशी जायचा की!"

"जाऊ दे. परत परत विचारलं तर त्यांना जाच वाटतो."

सगळे हसले. मी मात्र ते वहीत उतरवून घेतलं.

सून आली. शेजारणी तिच्या ताटात तिसरी भाकरी टाकायच्या, ती नको नको म्हणायची, मला कीव यायची. मी सगळं एकदाच विचारायचो. इंग्रजी रीत कळणारा गावात मी एकटाच, असं वाटून मान ताठ व्हायची. नात माझ्यामागून वाडीभर फिरायची, खाली पडलेले चिकू फ्रॉकमध्ये गोळा करायची. बोलत आम्ही फारसं नव्हतो. गरजही नव्हती.

पंधरा दिवस गेले. मुलगा म्हणाला, "बाबा, माझी रजा संपली. पण या दोघी अजून महिनाभर ऱ्हाऊ शकतात. ऱ्हा म्हणा तिला. का मी विचारू?"

"तू मधी पडू नको."

वाडीत जाऊन वाक्य दहादा म्हणून बघितलं. मुलगा आंघोळीला गेला तेव्हा ओटीवर तिला विचारलं, "विल यू स्टे वन मंथ?"

तिने माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाली, "नो, थँक यू, बाबा." आणि तिथंच उभी राहिली. बराच वेळ.

मी म्हटलं, "ओके."

मग ती आत बॅग भरायला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली, तिघं गेली. निघताना नातीने हात केला तेव्हाही मी परत विचारलं नाही. एकदा विचारून झालं होतं.

संध्याकाळी विमानतळावरून मुलाचा फोन. "बाबा, तुमी तिला किती वेळा विचारलंत?"

"एकदा. तिकडची रीत हाय ती."

"अवो बाबा, मीच तिला शिकवलेलं, आपल्याकडं कुणी आग्रह केला की पहिल्यांदा नको म्हणायचं. लगेच हो म्हटलं तर हावरट दिसतं. ती तुमी परत विचाराल म्हणून उभी होती. तिला वाटलं, सासऱ्याला आमी नको झालोय. आत्ता इथं आल्यावर बोलली मला."

"मग आता?"

"आता काय! बॅगा आत गेल्या."

"तिला दे फोन."

तिचा आवाज आला, "हॅलो, बाबा?" चार महिने क्लास केला होता मी. त्यातलं एक अक्षर वर येईना. शेवटी तोंडातून निघालं, "थँक यू."

"थँक यू, बाबा," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून मुलाचा नंबर लावला. लागला नाही. विमान अजून वरतीच असणार, एवढं मलाही कळतं. चूल पेटवली, पाणी ठेवलं आणि परत लावला.