कमळची नागीण

कमळ माझी थोरली जाऊ. वयानं माझ्याएवढीच, म्हणून मी तिला नावानंच हाक मारते, आणि आमची सासू आक्का त्यावरून मला रोज दोन शब्द सुनावते. सुनावू दे. आमच्या शेलार गावात लग्न कुणाचंही असो, तांदळाच्या भाकऱ्या करायला पहिलं बोलावणं कमळला. तिच्या भाकरीला कधी चीर पडली न्हाय. चुलीपुढं बसली की सगळ्या बायांना हसवून हसवून बेजार करायची आणि हात मात्र चालूच असायचे.

तिचा नवरा धनेश मानकोलीच्या गोदामातून कंटेनर घेऊन पार गुजरातेत जायचा. तो टीबीनं गेला, असं गाव म्हणतं. गेला टीबीनंच, पण टीबीच्या मागं एचआयव्ही होता, आणि तो कमळच्याही अंगात टाकून गेला. घरात हे फक्त मला ठाऊक. सरकारी दवाखान्यात तिच्याबरोबर मीच गेले होते ना.

तेव्हा तिच्या हातापायांवर खाजरे फोड उठले होते. खाजवून खाजवून काळे डाग पडले. बाया विचारायच्या, खरूज हाय का गं? कमळ सांगायची, गोदामात कामाला जाते ना, तिथली धूळ बाधली. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून चुलीपुढं बसायची, आणि बघून मलाच घाम फुटायचा. पुढं रोजच्या गोळ्या लागू पडल्या, कातडी निवळली, अंग भरलं. भीती मात्र काही गेली न्हाय. रक्तातलं कुणाला दिसत न्हाय, कातडीवरचं गावाला दिसतं, असं ती म्हणायची. डास चावला तरी मला आत बोलवायची, दार लावायची आणि दंड पुढं करायची. अगं बाई, डास हाय तो, मी म्हणायचे. तरी पुन्हा पुन्हा बघायला लावायची.

यंदा दिवाळीनंतर तिच्या कपाळाची उजवी बाजू दुखायला लागली. नुसती आग आग. पदर टेकला तरी कळवळायची. मग भुवईच्या वर पाण्याचे फोड आले, घोसच्या घोस. मी नारपोलीत कांडी मशीनवर सूत गुंडाळायला जाते. माझी ड्युटी सुटून मी घरी पोचेपर्यंत आक्कानं सुनेचं कपाळ बघून निकाल देऊन टाकला होता. नागीण. आणि नागिणीला आमच्याकडं डॉक्टर चालत न्हाय, नामाबाबा लागतो.

नामाबाबाची रीत अशी, की सकाळी त्याच्या ओटीवर जाऊन बसायचं. तो गेरूनं फोडांभोवती कुंपण काढतो, म्हणजे नागीण पुढं सरकत न्हाय. पण गेरूत काडी बुडवायच्या आधी तो सगळ्यांदेखत विचारतो, अंगात दुसरं काही दुखणं हाय का? खरं सांगायचं. खोटं बोललं तर नागीण उलटते. आणि ती उतरेस्तोवर पोटात दुसरं औषध जाता कामा नये. गावात एरवी थापा मारणारी माणसंही त्या ओटीवर खोटं बोलत न्हाईत.

आम्ही गेलो तेव्हा निम्मी आळी तिथं बसलेली. नामाबाबानं कमळच्या मानेला मागून हाताचा आधार दिला आणि विचारलं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा समोरच्या बायांकडं. त्यांच्याच घरी ती भाकऱ्या करायची.

"न्हाय बाबा," ती म्हणाली. "काय न्हाय."

घरी येताना मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, झालं ते झालं. आक्काचं समाधान झालं, आता उद्या दवाखान्यात चल. ती हो म्हणाली. सकाळी म्हणाली, उद्या बघू. असं करत करत फोड पापणीवर उतरले, नाकाच्या शेंड्यावर आले आणि उजवा डोळा सुजून बंद झाला. गेरूचं कुंपण जागच्या जागी होतं, फोड त्याच्या बाहेर. असल्या गोष्टींवर विश्वास न ठेवणारी मी, पण ते बघून अंगावर सरसरून काटा आला.

"माझं खोटं उलटलं गं, रूपा," ती म्हणाली.

मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, रोजची गोळी घेतेस ना? ती हळूच बोलली. नामाबाबानं दुसरं औषध नको सांगितलं होतं. एक खोटं बोललेच हाय, वर पथ्य कसं मोडू? म्हणून गोळी बंद. तापानं फणफणत असतानाही जिनं ती गोळी कधी चुकवली नव्हती, तिनं. माझं डोकंच फिरलं. मी तिला बोलले, नामाला बोलले, आक्काला बोलले, मेलेल्या धनेशलाही सोडलं न्हाय. मग तिचा हात धरून रिक्षा बघायला निघाले, तर ही दारातच बसली. आधी ओटीवर जायचं, खरं सांगायचं, मग कुठं न्यायचं तिथं ने. न्हायतर दवाखान्यातलं औषधही उलटेल, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी हात जोडले. डोळा जाईल गं तुझा, म्हटलं.

"जीवच जाईल," ती म्हणाली.

इतकी वर्षं गावाला भ्यायलेली बाई, तिला आता गावापेक्षा नागिणीचं भ्या जास्त झालं होतं. आम्ही गेलो. आक्काही मागून आली, तिला वाटलं पुन्हा गेरू लावायचा हाय. ओटीवर माणसं होतीच. कमळ खाली अंगणातच उभी राहिली.

"बाबा, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला एचआयव्ही हाय. धनेशपासनं."

कडेला बसलेल्या बाईनं लुगडं आवरून घेतलं आणि आत सरकली. आक्का मटकन खाली बसली. नामाबाबाच्या हातात गेरूची काडी होती, ती तशीच राहिली. मग त्यानं काडी वाटीत ठेवली आणि वाटी बोटानं कमळच्या बाजूला सरकवली.

"तूच लाव, पोरी," तो म्हणाला, आणि हात धोतराला पुसला.

नामाबाबा माणूस वाईट न्हाय. भ्यायला होता. पण त्या हात पुसण्याचा मला असा संताप आला, की वाटलं ती वाटी उचलून त्याच्या भिंतीवर मारावी. कमळनं वाटीकडं बघितलंसुद्धा न्हाय. माझं मनगट धरलं आणि म्हणाली, चल आता.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण बाई होती. रागावली, पण हलक्या हातानं बघत होती. म्हणाली, लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू अंगात झोपून राहतो, तोच नागीण होऊन उठतो. एचआयव्ही असलेल्यांना ती जास्त निघते, गोळ्या चालू असल्या तरीही. तिच्यावर औषध हाय, पण फोड दिसले की लगेच सुरू करायला हवं होतं. नाकाच्या शेंड्यावर फोड म्हणजे डोळ्याला धोका. आणि रोजची गोळी कुणीही सांगितलं तरी थांबवायची न्हाय.

कमळचं यातल्या कशाकडं लक्ष नव्हतं. ती एकच विचारत होती, खोट्यानं न्हाय ना झालं? डॉक्टर म्हणाली, न्हाय हो ताई, खोट्याचा काय संबंध? तेव्हा कुठं कमळनं श्वास सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडलेले मी बघितले. मला वाटलं, सुटलो बाई.

मग डॉक्टरनं थेंब घातले, सुजलेली पापणी वर उचलली आणि चांगल्या डोळ्यावर तळहात ठेवला. समोर बघा, म्हणाली, काय दिसतंय सांगा. मी मुद्दाम कमळच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिले, हाताच्या अंतरावर.

कमळ बराच वेळ बघत राहिली.

"रूपा," ती म्हणाली, "तू बाहेर गेलीस का गं?"