अमोआतेंग मामाच्या सहाशे खुर्च्या

आमच्या कुमासी शहरात माणूस मेला की आधी घरच्यांना कळतं, मग अमोआतेंग मामाला, आणि मामाला कळेपर्यंत तो नीट मेला असं कुणी धरत नाही. कारण खुर्च्या मामाच्या. लाल प्लास्टिकच्या सहाशे खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नंबर, आणि वर चौदा मंडप. शनिवार हा आमच्याकडे मातीचा वार. तो उजाडला की शहरातल्या कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर मामाचे खांब रोवलेले असायचेच. गाड्यावाले शिव्या देत वळसा घालायचे. शिव्या मामापर्यंत पोचायच्या नाहीत, कारण ढोल वाजत असायचे.

मामा बुटका, मानेवर कायम टॉवेल, आणि माणसाकडे एक डोळा बारीक करून बघणार, जणू त्याच्या मापाची खुर्ची शोधतोय. एकदा एका बड्या घरच्या मातीला आलेल्या वकिलाने खुर्चीवर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली. मामा भर सभेतून चालत गेला, वकिलाच्या पायाखालून खुर्ची काढली, टॉवेलने पुसली आणि म्हणाला, “बसायला दिली होती, चढायला नाही.” वकील तीन तास उभा. दुसरी खुर्ची द्यायची कुणाची छाती झाली नाही.

तर असा हा मामा, आणि त्याची धाकटी बहीण मान्सा. कोको-गोदामाच्या रस्त्यावर, घराच्या पायरीपुढे, चाळीस वर्षं ती कोळशावर पिकती केळी भाजून शेंगदाण्यांबरोबर विकत होती. स्टेडियमवर मॅच असली की जिंकलेले आणि हरलेले दोघेही तिच्याकडेच यायचे. हरलेल्यांना ती चार दाणे जास्त घालायची आणि वर म्हणायची, “खा. गोल करता आला नाही, निदान हे तरी चावता येईल.”

ती गेली पावसाळ्याच्या शेवटी. आमच्याकडे माणूस मेल्यावर घाई नसते. मान्साला थंड पेटीत ठेवलं, लेकीला हॅम्बुर्गला फोन गेला, गावच्या म्हाताऱ्यांनी बसून तारीख ठरवली, आणि सात आठवड्यांनंतरचा शनिवार धरला. भिंतीभिंतीवर मान्साचे पोस्टर लागले. लाल कापड नेसलेली, ओठ घट्ट मिटलेली, फोटोवाल्यावर चिडलेली मान्सा.

आणि नेमकं त्याच वर्षी शहराला खेळांचं वेड लागलं. अख्ख्या खंडाचे खेळ, पन्नासेक देशांचे खेळाडू, पळणारे, पोहणारे, भाले फेकणारे. ते सगळे कुमासीत आणायचे असं काही बड्या डोक्यांनी ठरवलं आणि त्यासाठी एक मंडळ नेमलं. मंडळाचा मुख्य हस्तक म्हणजे ड्वोमो साहेब. कडक इस्त्री, बगलेत फाईल, आणि बोलताना सारखं घड्याळाकडे बघणं. शहराला हे खेळ झेपतात का, हे बघायला तीन परदेशी पाहुणे येणार होते. विद्यापीठाच्या वसतिगृहापासून स्टेडियमपर्यंत खेळाडू अर्ध्या तासात पोचले पाहिजेत ही त्यांची अट, आणि ते स्वतः गाडीत बसून हे मोजणार. मोजणार कोको-गोदामाच्या रस्त्यावरून. आणि मोजणार शनिवारी. मान्साच्या शनिवारी.

आता एखाद्या कुमासीच्या माणसाने पाहुण्यांना शनिवार द्यावा, याला काय म्हणावं. पण ड्वोमो तेव्हा राजधानीत शिकून आला होता आणि त्याला वाटलं होतं, शनिवार म्हणजे सुट्टी, रस्ते मोकळे.

मामाला हे कळलं ते पोस्टरवरून. एका सकाळी तो आपल्या खुर्च्यांच्या गोदामावर आला तर दारावरच्या मान्साच्या तोंडावर दुसरंच पोस्टर डकवलेलं. शहराचं नाव आणि खाली छाती पुढे काढून पळणारा एक उघडा गडी. मामाच्या अंगाचा तिळपापड झाला. चाकू आणून त्याने तो गडी खरवडायला घेतला. वरचा भाग निघाला, मान्साचं तोंड परत दिसलं, पण खालच्या अर्ध्या कागदाने काही दार सोडलं नाही. चिकट काम. वर चिडलेली मान्सा आणि खाली आखूड चड्डीतले पळते पाय. शेजारचा गॅरेजवाला न्सिया हसू दाबत आत पळाला.

तेवढ्यात ड्वोमो साहेब फाईल घेऊन हजर.

“मामा, शहर तुमच्याकडे एकच शनिवार मागतंय.”

“शहर मागत नाही. शहर माझ्या खुर्च्यांवर बसतं. मागतोयस तू.”

“पाहुणे रस्ता बघणार. मधे तुमचा मंडप आला तर अर्ध्या तासात पोचणार कसे?”

“नाही पोचणार.”

“तेच सांगतोय.”

“मग खरं तेच त्यांना दाखव की. शनिवारी या रस्त्याने कुणी अर्ध्या तासात पोचत नाही. माझ्या जन्मात पोचलेला नाही.”

“खरं दाखवून कुठे खेळ मिळतात का, मामा?”

“आणि खोटं दाखवून मिळाले, तर खेळांच्या शनिवारी काय करणार? कुणी मरू नये असा हुकूम काढणार?”

ड्वोमोने खाली बघून फाईल उघडली. “दोन आठवडे सगळ्या माती पुढे ढकलायच्या, असा ठराव आहे.”

मामाने एक डोळा बारीक केला. मग बोटांवर मोजत म्हणाला, “बघ बाबा. मान्सा सात आठवडे थंडीत पडलीय. तिची लेक अब्राफी आलीय, माती झाली की मंगळवारी परत चालली. पुढच्या शनिवारला लागूनच राजवाड्यात पूर्वजांचा अडाए सण, तेव्हा माती होत नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी दुसऱ्याच्या घरची माती आहे. ढकलू कुठे?”

“मागच्या गल्लीत करा.”

“मागच्या गल्लीत केळी भाजली का तिने? तुझ्यासारख्यांना पुढच्या दारात खायला घातलं आणि आता तिला मागच्या दाराने काढू?”

ड्वोमोचे कान तापले. शाळा सुटल्यावर त्यानेही त्या पायरीवर बसून खाल्लेलं. पण फाईल बगलेत गेली की माणसाचं पोट विसरतं. तो म्हणाला, “शनिवारी सकाळी पोलीस घेऊन येईन. रस्त्यावर मंडप दिसला तर उतरवीन.”

“ये,” मामा म्हणाला. “पण मातीच्या घरी येतात तसा ये.”

त्या संध्याकाळी मामाने अब्राफीला सांगितलं, सहाशेच्या सहाशे खुर्च्या काढायच्या.

“मामा, माणसं येणार फार तर दोनशे.”

“बाकीची बोलाव. न्सियाच्या गॅरेजचे सगळे, बाजारातल्या टोमॅटोवाल्या, भांडीवाल्या, दोन्ही चर्चच्या बायका. आणि ओळ एकच. रस्त्याच्या कडेकडेने, वळसा घालून, मोडायची नाही. आपण घरचे बसू डाव्या टोकाला, अगदी शेवटी.”

अब्राफी पंधरा वर्षं हॅम्बुर्गला राहिलेली, पण जन्म इथला. तिने क्षणभर मामाकडे बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. म्हणाली, “पाया पडते तुझ्या. कसला दुष्ट आहेस रे.”

शनिवारी पहाटे मान्सा घरी आली. तिला लाल-काळं नेसवून पुढच्या खोलीत पलंगावर ठेवलं. नऊला मंडप उभे होते, सहाशे खुर्च्या भरल्या होत्या, ढोल सुरू होते. साडेनऊला ड्वोमो आला. मागे चार पोलीस. अंगात निळा कोट, खिशावर खेळांचा बिल्ला. काळ्या आणि लाल कपड्यांच्या त्या गर्दीत तो निळा कोट असा दिसला, जणू कुणी मातीला फुगा घेऊन आलंय.

तो सरळ मधून मामाकडे निघाला. पाच पावलं गेला असेल, ढोल थांबले. घरातली सगळ्यात म्हातारी बाई, दुफी आजी, काठी टेकून उठली.

“हा कुणाचा मुलगा?”

कुणीतरी त्याच्या आईचं नाव सांगितलं.

“तिला मी ओळखते. तिने शिकवलं नाही का याला? उजवीकडून.”

आता ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. आमच्याकडे मातीच्या घरी गेलात तर ओळीच्या उजव्या टोकापासून सुरुवात करायची आणि बसलेल्या प्रत्येकाचा उजवा हात हातात घ्यायचा. प्रत्येकाचा. एक सोडला तरी त्या घराशी वैर. पोलीस इथलेच, त्यांनी टोप्या कधीच काढल्या होत्या. त्यांचा म्होरक्या हळूच म्हणाला, “साहेब, मंडपाचं नंतर. आधी हात.”

ड्वोमो उजव्या टोकाला गेला. पहिली खुर्ची, दुसरी, तिसरी. गॅरेजवाल्यांनी मुद्दाम हात पुसले नव्हते. टोमॅटोवाल्या हात धरून सोडायच्याच नाहीत, “आई बरी आहे का रे? गुडघे कसे आहेत तिचे? आणि तुझं लग्न?” शंभराव्या खुर्चीला त्याचा कोट उतरला. तीनशेव्या खुर्चीजवळ खिशातला फोन वाजायला लागला. पाहुणे निघाले असणार. पण उजवा हात लोकांच्या हातात, आणि शोक करणाऱ्यांपुढे डावा हात काढायची सोय नाही. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मामा टोकाला बसून डोळा बारीक करून बघत होता आणि त्याचा चेहरा अगदी दुःखी होता.

सव्वा तासाने ड्वोमो मामापर्यंत पोचला. तोंड उघडणार, इतक्यात अब्राफीने त्याला बसवलं. त्याच्यासाठीच बाजूला ठेवलेली दोनशे बारा नंबरची खुर्ची. हिचा एक पाय तारेने बांधलेला, दोन वर्षांपूर्वी याच मंडळाच्या एका समारंभातून तशी परत आलेली. ड्वोमो ती धरून बसला. मग पाणी आलं. पाणी पिऊन होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही, आणि बोलायचं तेही मामाशी नाही. मामाचा शब्द सांगायला न्सियाला बसवलेलं.

“विचार पाहुण्याला,” दोन हात अंतरावर बसलेला मामा न्सियाला म्हणाला, “वाट कशी होती?”

“मामा विचारतात, वाट कशी होती?”

“मी ऐकलं,” ड्वोमो म्हणाला.

“ते म्हणतात, त्यांनी ऐकलं.”

“बरं झालं. विचार, कशासाठी येणं केलं?”

ड्वोमो काही बोलायच्या आत वळणावर तीन पांढऱ्या गाड्या येऊन थांबल्या. पुढे रस्ता नव्हता, खुर्च्या होत्या. पाहुणे आत बसून राहिले असते, पण त्यांचे तिन्ही ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून खाली उतरले आणि टोप्या काढून उजव्या टोकाला रांगेत लागले. मग पाहुणेही काय करणार. दोन पुरुष आणि एक उंच बाई, तिघेही आले आणि ड्रायव्हरांचं बघून हात मिळवू लागले. सहाशे.

सगळं संपवून ती उंच बाई मामापुढे उभी राहिली तेव्हा ती मनगट चोळत होती. तिने ड्वोमोला काही विचारलं. त्याने मामाला सांगितलं, “बाई विचारतात, खेळ आले आणि तो शनिवार असला तर तुम्ही काय कराल?”

“खुर्च्या मांडीन.”

“खेळांसाठी?”

“मातीसाठी.”

ड्वोमोने बाईला इंग्रजीत बरंच लांबलचक सांगितलं, शहराचं सहकार्य वगैरे. अब्राफीने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्याच भाषेत म्हणाली, “बाई, माझा मामा असं बोललेला नाही.” आणि तो काय बोलला ते सांगितलं. बाईने वहीत काहीतरी लिहिलं. मग तिने विचारलं, आत कोण आहे.

“माझी आई,” अब्राफी म्हणाली. “इथे केळी भाजायची.”

ड्वोमोचा आणखी एक हिशेब चुकला होता. हात मिळवून बसलेल्या पाहुण्याला बसलेले लोक उठून परत हात द्यायला येतात, आणि तेव्हा निघून जायचं नसतं. सहाशे जण उठले. त्यामुळे एक वाजता मान्सा निघाली तेव्हा ड्वोमो तिथेच होता, पाहुणेही तिथेच. पुढच्या दारातून, पायरीवरून, कोळशाचा काळा डाग पडलेल्या त्या जागेवरून, रस्त्याच्या अगदी मधोमध तिला नेलं. दुफी आजी पुढे नाचत होती, हातांच्या खुणांनी सांगत होती की माझं सगळं गेलं. गाड्यांपाशी आल्यावर तिने हात फिरवून आणखी एक खूण केली. ती कुठली ते इथे लिहीत नाही. ड्वोमोला बरोबर कळली. पण पेटी जवळून गेली तेव्हा त्याने हातावरच्या निळ्या कोटाचा बिल्ला काढून खिशात घातला, एवढं मामाने बघितलं. बघितलं आणि माफ मात्र केलं नाही.

वसतिगृहापासून स्टेडियमपर्यंत पाहुण्यांना तीन तास चाळीस मिनिटं लागली. खेळ दुसऱ्या शहराला गेले. मग काय, ज्यांनी त्या दिवशी आरामात खुर्च्या गरम केल्या तेच लोक म्हणायला लागले, अमोआतेंगने शहराचं नाक कापलं. बारमध्ये कुणी त्याच्या बाकावर बसेना. मंडळाच्या एका माणसाने तोंडावर सांगितलं, “तुमच्यामुळे नवे रस्ते गेले, नवा तलाव गेला.”

“पोहायला जाणार होतास का?” मामाने विचारलं.

त्याने कुणाला समजावलं नाही, कुणाकडे गेला नाही. गोदामात बसून खुर्च्यांचे पुसट झालेले नंबर पुन्हा रंगवत राहिला. “येतील,” म्हणाला, “शनिवारी.” आणि घरात कुणी गेलं की खुर्च्या मागायला यायचेच.

अब्राफीने तेव्हा मंगळवारी निघायच्या आधी बादलीभर गरम पाणी आणून गोदामाच्या दारावरच्या पोस्टरपुढे बसकण मारली होती. आईच्या तोंडाखालचे ते परके उघडे, पळते पाय तिला खरवडून काढायचे होते. मामाने तिच्या हातातला चाकू काढून घेतला.

“राहू दे,” म्हणाला. “चाळीस वर्षं बसून काढली तिने.”