न चोरलेल्या कुपीची फिर्याद

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं.

पळस्पे फाट्याजवळच्या एका प्रयोगशाळेतले वरिष्ठ शास्त्रज्ञ पनवेलला आमच्या ठाण्यात चोरीची फिर्याद घेऊन आले. करंगळीएवढी एक कुपी गेली होती. आत मोनोक्लोनल अँटिबॉडी. "माणसाच्या पेशी एकमेकींना निरोप देतात. त्या कामातलं एक प्रथिन हिनं ओळखता येतं. परदेशातून मागवलेली, कायम गोठवून ठेवावी लागते," त्यांनी समजावलं. संशय सफाईवाल्या बाईंवर. "फ्रीजरच्या खोलीत तीच जाते."

साहेब सुशिक्षित, बोलणं मुद्देसूद. मी गुन्हा नोंदवला आणि महिला शिपाई घेऊन बाईंच्या घरी, उरणकडच्या खाडीवरच्या कोळीवाड्यात गेलो. डबे, अंथरुणं, मासळीच्या बर्फाचा खोका, सगळं उपसलं. दारात अख्खी आळी जमली होती. हाती काहीच लागलं नाही. तरी चौकशीला बाईंना ठाण्यात आणलंच.

"मी नाय घेतली साहेब. ती घेऊन मी काय करू? मला तिचं नाव पन घेता येत नाय."

मी आवाज चढवला. तीनदा तेच विचारलं, तीनदा तेच उत्तर आलं. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी नवं जोडतो. बाईंनी एक शब्द वाढवला नाही. तिथेच मला खटकायला हवं होतं.

दुपारी फोन आला. त्याच प्रयोगशाळेतली एक विद्यार्थिनी होती. "सर, माझं नाव नको. चोरी झालीच नाही. आमच्या सरांकडून कुपी दोन दिवस टेबलावरच राहिली, खराब झाली. प्रयोगशाळेतल्या जैव कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत बघा. गाडी उद्या नेईल."

दोन पंच घेऊन गेलो. पिशवीत टिश्यू पेपरात गुंडाळलेली कुपी निघाली. तिच्यावरचा नंबर फ्रीजरमधल्या तिच्या रिकाम्या खोक्यावरच्या नंबराशी जुळला. पंचनामा केला आणि कुपी साहेबांसमोर ठेवली.

त्यांनी वाकून नंबर वाचला. मग म्हणाले, "माझा निष्काळजीपणा वर कळला असता, तर प्रकल्प गेला असता."

"म्हणून चोरीचा आळ?"

"तिला दुसरीकडे कुठेही झाडूपोछ्याचं काम मिळालं असतं."

तेहेतीस वर्षांच्या नोकरीत समोरच्यावर हात उगारावासा एकदाच वाटला, तो त्या क्षणी. खिशात हात घालून मी खोलीबाहेर आलो.

बाईंना घरी सोडलं, गुन्हा खोटा असल्याचा अहवाल न्यायालयाला पाठवला, खोट्या फिर्यादीबद्दल साहेबांवर कारवाईचा प्रस्तावही दिला. संस्थेनं बाईंना केबिनमध्ये बोलावून, दार लावून माफी मागितली. बाई मला म्हणाल्या, "झडती घेतलीत तवा आख्खी आळी बघत व्हती. आता माफी मागाया दार कशाला लावलं?"

तेव्हापासून फिर्याद देणाऱ्याच्या कपड्यांची इस्त्री बघून मी कुणाच्या घरात शिरलो नाही. आधी फिर्यादीचं टेबल, मग दुसऱ्याचं दार.

पुढच्या रविवारी मी गणवेशात कोळीवाड्यात गेलो. बाईंच्या अंगणात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, यांनी काहीही चोरलं नव्हतं, चूक आमची झाली. संस्थेलाही यायचा निरोप दिला होता. तिकडून कुणी आलं नाही.