मामांच्या तळहातातली ढोलकी

लग्न होऊन मी भोसरीला आले तेव्हा मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. फोर्जिंगच्या कारखान्यात मोठ्या हॅमरवर त्यांची उमर गेली आणि त्या ठोक्यांनी कान गेले. त्याआधी मराठवाड्यात, गावाकडं, ते गायनपार्टीत ढोलकी वाजवायचे. ती ढोलकी आमच्या भाड्याच्या खोलीत खुंटीला होती. एकदा पुसायला म्हणून मी ती खाली काढली, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि परत टांगली. रागावले नाहीत. मला तेच जास्त लागलं.

आमचे हे मोटार वाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. रस्त्यानं माल भरलेला ट्रक गेला की बाजेवर बसलेले मामा मान वर करतात, हे यांनी हेरलं. मला म्हणाले, मामांचं ऐकणं गेलंय, पण धक्का कळतो. मग सुट्टीचे दिवस घालवून त्यांनी एक पेटी केली. जुन्या बाजारातून आणलेला परातीएवढा स्पीकर, भोवती जाड फळ्या आणि आत स्वतः डाग देऊन जोडलेला अँप्लिफायर. त्या पेटीतून गाण्याचे शब्द धड कळायचे नाहीत. फक्त खालचा, जाड आवाज निघायचा.

बुद्धपौर्णिमेला सकाळी वंदनेनंतर विहाराच्या मैदानात गाणी होती. ढोलकीसमोरच्या माइकचा आवाज या पेटीत सोडायचा आणि मामांना शेजारी बसवायचं, असं ठरलं. अडचण विजेची होती. मैदानात वीज नव्हती. मीटर रस्त्यापलीकडं, विहाराच्या खोलीत. तिथून बांबूंवरून लांब वायर ओढून पेटीपर्यंत न्यायची होती. यांनी तीन तारांची जाड वायर आणली आणि तिसरी तार अर्थिंगला जोडल्याशिवाय पुढं हात लावला नाही. खोलीतल्या स्विचपाशी त्यांनी मला उभं केलं. पेटी दिसत नाही तिथून ती चालू-बंद करायची, म्हणून सगळं दोनदा सांगितलं. हात कोरडे हवेत, पायाखाली लाकडी फळी हवी. त्यांनी खोलीच्या दारातून दिसेल असं रस्त्यावर येऊन रुमाल हलवला तरच स्विच टाकायचा. फ्यूज उडाला तर आधी स्विच बंद करायचा आणि का उडाला ते कळेपर्यंत नवी तार घालायची नाही.

"आणि स्विच दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचा नाही," ते म्हणाले. "पेटीवर मामांचे हात असणार आहेत."

पहिलं गाणं सुरू झालं, रुमाल हलला, मी स्विच टाकला. दुसरं कडवं सुरू होतंय तोच फ्यूज उडाला. मी स्विच खाली केला. समितीतले एक वयस्कर गृहस्थ लगबगीनं आत आले. माणसं खोळंबलीत, जाडशी तार घाला म्हणजे पुन्हा उडणार नाही, असं म्हणून ते बोर्डाकडं वळले. मी नवी सून, मोठ्यांपुढं तोंड उघडायची सवय नाही. पण मी बोर्डाच्या पुढ्यात उभी राहिले.

"काका, हे येईपर्यंत मी हात लावू देणार नाही."

ते चिडले. सुनेला वळण नाही, असं काहीतरी पुटपुटले. मी हलले नाही.

हे आले, त्यांनी फ्यूज काढून खिशात ठेवला आणि वायर धरून चालत निघाले. रस्त्याच्या कडेला एक बांबू कलला होता. वायर खाली पडली होती आणि हातगाडीचं चाक तिच्यावरून जाऊन वरचं रबर फाटलं होतं. जागा नेमकी नळापाशी. बायका तिथं हंडे भरत होत्या, खाली पाणी साचलेलं. यांनी बायकांना लांब केलं, तो तुकडा कापून टाकला, बांबू हलवून जोड उंचावर कोरड्यात घेतला आणि मगच फ्यूजला नवी तार घातली. ते गृहस्थ बघत होते. त्यांची सूनही हंडा घेऊन तिथंच होती. ते परत माझ्याकडं आले आणि एवढंच म्हणाले, "बरं केलंस, पोरी."

पेटी नीट चालतेय असं दिसल्यावर यांनी स्विच स्वतःकडं घेतला आणि मला मामांकडं जायला सांगितलं. मामा पेटीच्या फळीवर दोन्ही तळहात टेकून बसले होते. डोळे मिटलेले, मान तालावर हलतेय. त्यांचा चेहरा असा मोकळा झालेला मी कधी पाहिला नव्हता. बराच वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं.

"पोरगा चांगला हाय," ते म्हणाले. "पण डावा हात मागं पडायलाय त्याचा."

गाणी संपल्यावर मी ते ढोलकी वाजवणाऱ्याला सांगितलं. तो कंपनीतून शिफ्ट करून येणारा तरुण कामगार. त्याला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तो मामांच्या पाया पडला आणि खुणेनं विचारलं, शिकवाल का?

पुढं तो दर सुट्टीला आमच्या खोलीवर यायला लागला. मामांनी खुंटीवरची ढोलकी स्वतःच्या हातानं उतरवली. तो वाजवायचा तेव्हा मामा त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि एक तळहात ढोलकीच्या लाकडी खोडावर ठेवत. चुकलं की दुसऱ्या हातानं त्याच्या मनगटावर हळूच टिचकी मारत. मी चहा घेऊन गेले की दोघंही माझ्याकडं बघत नसत. कप तसेच गार होत.