आईच्या बरणीतला खडक

आमच्या कर्जत तालुक्यात गाळाचा खडक मिळत नाही. जिकडेतिकडे काळा पाषाण, ज्वालामुखीने ओतलेला. मी पडलो भूगोलाचा शिक्षक. त्यामुळे माझ्या सातवीतल्या मुलीने, जुईने, शाळेच्या प्रदर्शनासाठी गाळाचा खडक मागितला, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "आपण बनवू!"

नदीकाठची वाळू, गाळ, लाल माती आणली. "नदी असे थरावर थर टाकते," मी सांगू लागलो. "वरच्या वजनाने खालचे दबतात, पाणी पिळून निघतं आणि पाण्यातला चुना कणांना एकमेकांशी चिकटवतो. झाला खडक!"

"किती वेळ लागतो?"

"लाखो वर्षं."

"बाबा, प्रदर्शन सोमवारी आहे."

म्हणून सिमेंट घातलं. (निसर्गाला घाई नसते, त्याला सातवीतली मुलगी नाही!) लोणचं संपल्यापासून रिकामी पडलेली चिनी मातीची बरणी फळीवरून काढली, थर ओतले आणि वर वजनाला वरवंटा ठेवला.

रविवारी शेलूहून ताई आली. "आईची बरणी दे रं. लिंबं आणलीत. आई गेल्यापास्नं घरात लोणचं नाय झालं."

मी वरवंट्याकडे पाहिलं. "ताई, तिच्यात... खडक आहे."

"काय हाय?"

बरणी उपडी केली, बुडावर थापट्या मारल्या, गरम पाण्यात बसवली. खडक ढिम्म! आयुष्यात पहिल्यांदा माझा प्रयोग यशस्वी झाला, तोही नेमका हा!

ताईने बरणीच्या तोंडाला नाक लावलं. "निस्ता शिमिटाचा वास येतो रं," म्हणाली, आणि बरणी मांडीवर घेऊन रडू लागली. आई गेली तेव्हा ताई आल्यागेल्यांचा चहा करत होती. रडायचं राहूनच गेलं होतं. माझंही. स्वयंपाकघरात फरशीवर बसून आम्ही दोघं पोरांसारखे रडलो.

मग ताईनेच हातोडी मागितली. "पोरीचा खडक तरी निघू दे."

बरणी फुटली. आत थराथरांचा खडक, आणि त्याच्या अंगावर पिवळे-लाल डाग.

"बरणी धुतली नव्हतीस?"

"पुसली होती."

ताईने खडक हुंगला. मग माझ्या नाकाशी धरला. हळद, हिंग, मोहरी.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, "हे पिवळं खनिज कोणतं?" जुईने खरं ते सांगितलं, "आजीचं लोणचं." बक्षीस गेलं!

खडक घ्यायला ताई पुन्हा आली. "राहू दे ना माझ्याकडे," मी म्हणालो.

"नाय," पदराखाली खडक धरत ती म्हणाली. "तुज्याकडं ठेवला तर याचीबी काईतरी वाट लावशील!"