सभासद नसलेल्यांचा सेक्रेटरी

सूतगिरणीत नवे बूट वाटायचे होते आणि रांगेत सगळ्यात पुढे मी. हे बूट युनियनने करार करून मिळवले होते आणि मी युनियनचा सभासद नव्हतो, हे तेवढं माझ्या ध्यानात राहिलं नाही.

"तू कावून बे म्होरं?" मागून आमच्या खात्याचा मुकादम, जॉबर, ओरडला. "सभेच्या वक्ताला सायकलस्टँडात लपतो, अन् बुटाला पहिला नंबर?"

मी काढता पाय घेणार, तेवढ्यात टेबलामागच्या युनियनच्या सेक्रेटरींनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली. कापसाची फुलं उडाली. ठाम काही बोलायचं असलं की ते आधी टोपी झटकायचे.

"सगळ्यांचं हाय," ते म्हणाले. "पायाचा नंबर सांगा, भाऊ."

लाजेने मी आठाऐवजी सहा सांगितला. पुढे वर्षभर लंगडलो. लोकांना वाटलं, मशीनवर लागलं.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल: स्वतःच्या घराचं दार मोडकं आणि चिंता गावाच्या वेशीची. आमचे सेक्रेटरी धर्मापुरीकडचे, गिरणी चौसाळ्याच्या अलीकडे. युनियनबाहेरचे आम्ही अकरा जण. कुणी मालकाला भिऊन बाहेर राहिलेला, कुणी माझ्यासारखा निव्वळ आळशी. दर वर्षी ते पावतीपुस्तक घेऊन विचारायचे, "व्हता का सभासद?" आणि मी म्हणायचो, पुढच्या वर्षी.

हे बूट मिळाले त्याच्या आदल्या दिवाळीआधी मॅनेजर युनियनला म्हणाले, "इथंच सह्या करा. बूट, वाढीव रजा, घरच्यांचा दवाखाना, सगळं दिवाळीच्या आत. फक्त सभासदांना."

सभासदांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी टोपी झटकली. आपसात सही केली तर करार फक्त युनियनवाल्यांचा, बीडच्या कामगार कार्यालयात साहेबांपुढे समेट होऊन सही झाली तर गिरणीतल्या प्रत्येकाला लागू, हा कायदा त्यांना पाठ होता.

"मी बीडला जातो," ते म्हणाले.

"अन् आमची दिवाळी?" जॉबर तडकला. "या फुकट्यांसाठी आमी कावून थांबायचं?"

"मशीनचा पट्टा काय पावती बघून हात ओढतो व्हय? अन् हे अकरा स्वस्तात पडले, तर उद्या मालक तुला काढून यांच्यासारखेच भरंल. मंग?"

जॉबरचा राग काही गेला नाही. दिवाळी कोरडी गेली. तारखांवर तारखा पडल्या. एकदा बीडच्या एसटीत सेक्रेटरी भेटले. हा माणूस माझ्याचसाठी हेलपाटे घालतोय हे मला ठाऊक होतं. तरी मांजरसुंब्याला चहाचे पैसे मी त्यांनाच देऊ दिले. वर भजीही मागवली.

गुढीपाडव्याच्या सुमाराला सही झाली, करार सगळ्यांना लागला. त्याच उन्हाळ्यात आमच्या हिचं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन झालं, ते त्या करारातल्या दवाखान्यावर.

मग युनियनची निवडणूक आली. हात वर करून मतदान. दिवाळी कुणी विसरलं नव्हतं. जॉबरच्या बाजूने हातांचं रान उभं राहिलं, सेक्रेटरींच्या बाजूने थोडे. सायकलस्टँडातून आम्ही अकरा जणांनीही हात वर केले.

"तुमचे न्हाई मोजायचे!" जॉबर ओरडला. सगळी सभा हसली.

सेक्रेटरी सगळ्यांत मोठ्याने हसले. आमच्याकडे बघून म्हणाले, "हात खाली घ्या रे, दुखतील." मग खुर्ची स्वतः उचलून जॉबरला नेऊन दिली. निवृत्त होऊन आता ते गावी शेरडं राखतात म्हणे. गिरणीत ठाम बोलणारे पुष्कळ आहेत, पण टोपी झटकणारं कुणी उरलं नाही.

निवडणुकीच्या संध्याकाळी घरी येऊन मी हळहळलो, "काय करणार? आम्हाला मतच नव्हतं."

भाकरी थापता थापता ही म्हणाली, "मत न्हवतं मला. तुमाला आमच्या अण्णांनी पसंत केलं, मला कुणी इचारलं बी न्हाई. तुमाला तर त्यो माणूस पंधरा वर्सं इचारत हुता."