डावीकडचा ग्लास

काल फुटबॉलच्या सामन्यात आमच्या पेठेचा संघ चार गोल खाऊन हरला. आज सकाळी तालमीसमोरच्या चहाच्या गाड्यावर नेहमीची मंडळी जमली आणि सदाभाऊंनी बाकड्यावर चार रिकामे ग्लास ओळीनं मांडले. ही आपली बचावफळी.

"भगदाड डावीकडं हाय," ते म्हणाले.

"पडणारच की! डावीकडचा रेफ्रीला शिव्या देतोय आणि लाल कार्ड घेऊन भाईर बसतोय," बापू उसळले. "काढा त्याला. पुढच्या हंगामाला गोव्याचा एक पोरगा आणूया."

"गोव्याचा नको, केरळचा बघा," मागनं कुणीतरी म्हणालं.

गोवा, केरळ करत चर्चा पार परदेशात पोचली. पेठेतल्या पोराचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. घेणार कुणाचं? सदाभाऊंचा मुलगा पुण्याला, बापूंचा बंगळूरला. माझी मुलगी तर फोनवर निकालसुद्धा विचारत नाही. पेठ आता जर्सीवर उरली आहे, आणि आम्ही म्हातारे तिची राखण करतोय. राखण तरी कसली! सगळं आमच्या डोळ्यांदेखत निसटून गेलं, आणि आम्ही इथंच बसून चूक कुणाची ते ठरवत राहिलो.

गाडेवाल्यानं ग्लास धुवायला उचलून नेले. बाकड्यावर त्यांची ओली वर्तुळं राहिली. डावीकडचं जवळजवळ वाळलं होतं. सदाभाऊंनी नेमकं त्याच्यावरच बोट टेकवलं.

"हितं," ते म्हणाले, "हितं आपला गडी पायजे."